फिटरची कडी, अक्काच्या कोंबड्या

दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून जी विकतात ना, ती कोंबडीला आत ठेवते. मुंगसाला बाहेर ठेवत नाही. एवढीशी गोष्ट कळायला फिटरला दोन कोंबड्या खर्ची घालाव्या लागल्या, आणि मशीनशॉपमध्ये अडतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या जिवाला हे फार लागलं.

सगळी गल्ली त्याला फिटरच म्हणायची. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. कुणाचं दार करकरलं, कुणाचा नळ गळला, कुणाची सायकल डुगडुगली की हाक फिटरला. आणि काम झाल्यावर तो ऐटीत म्हणायचा, “सुताचा फरक निघाला तर नाव बदलीन!” अशा माणसाच्या परसात उजाडता उजाडता एक हातभर जनावर येतं, जाळी फाकवतं, कोंबडीची मान धरतं आणि पसार होतं. एकदा नाही, दोनदा! तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

कोंबड्या त्याच्या असत्या तर एका सकाळी वैतागून त्यानं सगळ्या विकून टाकल्या असत्या. पण कोंबड्या अक्काच्या होत्या.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे याला न्हाऊमाखू घालण्यापासून कानफटात देण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि वर्षभरात तिची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, बाकी सगळं धुकं. मग मागच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत अक्का जी बसली ती उठेचना. हाक मारली की जेवायला यायची, पुढ्यातलं गिळायची आणि परत जाऊन बसायची. एकेकाळी घर डोक्यावर घेणारी बाई, दिवसाकाठी दहा शब्द बोलेना. फिटरनं त्या खुर्चीची धास्तीच घेतली. “ही अशी बसून बसूनच जाईल बघ एक दिवस,” असं तो बायकोला म्हणालाही होता.

आणि मग एकदा अक्का आपण होऊन म्हणाली, “बाळ्या, मला चार कोंबड्या आणून दे.”

चारच्या अकरा झाल्या. फिटरनं मागच्या दारापासून खुराड्यापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांधून दिला. सकाळी त्याला धरून अक्का जायची, दाराचा आकडा काढायची, कोंबड्या सोडायची. संध्याकाळी त्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून मोजायची. ही जाडी, ही कुरकुरी, ही लंगडी, नाटकं करते मेली. आवाज परत आला, तोंडाचा पट्टा परत सुरू झाला. मिठावरून, साबणावरून, कपडे वाळत घालण्यावरून भावजयीशी पुन्हा भांडणं होऊ लागली आणि फिटरचा जीव भांड्यात पडला.

म्हणून त्या दोन कोंबड्या गेल्या तेव्हा त्याला नुसता राग नाही आला, भीती वाटली. अशाच एकेक करून सगळ्या गेल्या तर? मग पुन्हा ती खुर्चीच!

त्यानं जुनी जाळी उपटून फेकली. जाड तारेची, बारीक चौकोनाची जाळी आणली. मुंगूस खालून उकरील म्हणून चारही बाजूंनी हात हातभर खणून फरशा उभ्या पुरल्या. पाठ धरली, दोन नखं काळी झाली, बायकोनं रोज शेक दिला आणि रोज ऐकवलंही. आठ दिवसांनी काम संपलं तेव्हा फिटर खुराड्याभोवती फिरून म्हणाला, “आता ये म्हणावं, भडव्या.”

“भाषा!” आतून अक्का ओरडली.

हे एक झालं. दुसरा ताप खाद्याचा. बाजारातलं तयार खाद्य अक्काला चालायचं नाही. “त्यात औषधं असतात. नको. मी खाणार नाही ते मी त्यांना घालणार नाही,” एवढंच. बरं, मग काय घालायचं? दाणेवाल्याकडे सेंद्रिय खाद्याची पिशवी होती, पण तिच्या किमतीत माणसांसाठी बदाम आले असते.

“चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!” फिटर दुकानातच भडकला.

“घ्या हो फिटर,” दाणेवाला दात काढत म्हणाला. “कोंबड्यांनी टाकलं तर तुम्ही खा. सांधे सुधारतील.”

फिटरनं चार दुकानं पालथी घातली. पाचव्या ठिकाणी निम्म्या भावात पोतं मिळालं, वर हिरवं पान छापलेलं आणि ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के सेंद्रिय’. सायकलवर आडवं टाकून लढाई जिंकल्यासारखा तो घरी आला. अक्कानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे बोटांत चोळले, नाकाशी नेले आणि परत टाकले.

“पेंड खवट आहे. मका जुना आहे, किडे पडलेत. हे बघ, हाताला पीठ लागतंय.”

“अगं पण पोत्यावर लिहिलंय!”

“मला वाचता येत नाही ना रे आता. म्हणून नाकानं बघावं लागतं.”

फिटर पोतं परत घेऊन गेला, तर दुकानदार म्हणतो उघडलेला माल परत होत नाही. तिथं अर्धा तास वाद, घसा कोरडा, हाती काही नाही. घरी येऊन त्यानं पोतं कोपऱ्यात असं आदळलं की भिंतीचा पोपडा पडला.

दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, “चल, मला ने.” त्याच्या दंडाला धरून ती तेलघाण्यावर गेली. कालची पेंड कुठली, आजची कुठली, हे घाणेवाल्याला न विचारता तिनं वासावर सांगितलं. घाणेवाला एवढा खूश झाला की ताजी पेंड त्यानं जवळजवळ फुकटच दिली. तिथून गिरणीत. फवारणी न करणारा एक शेतकरी तिथं धान्य दळायला आणायचा. त्याचं धान्य चाळल्यावर उरणारा तुकडा गिरणीवाला फेकून देत होता. अक्कानं तो ठरवूनच टाकला. मग रात्री तुकडा भिजवायचा, सकाळी त्यात पेंड आणि शिंपल्यांचा चुरा हातानं कालवायचा, धड दाणे असतील ते ओल्या पोत्यात मोड आणून घालायचे. सगळं अक्का करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. डोळस माणसाला पाच दुकानांत जे सापडलं नाही, ते आंधळ्या बाईनं एका सकाळीत जमवलं.

महिना बरा गेला. आणि एका सकाळी खुराड्याबाहेर पिसं.

जाळी शाबूत होती, फरशा जागच्या जागी होत्या. दार मात्र वीतभर उघडं, आणि आकडा कडेला लोंबत होता. आदल्या संध्याकाळी अक्कानं तो लावला होता, पण तो कडीत न पडता तिच्या बाजूनं घसरला होता. बोटांना वाटलं लागला, लागला नव्हता.

“अक्का!” फिटर ओरडलाच. “आकडा लागलाच नव्हता! मी इथं फरशा पुरल्या, कंबरेचा काटा ढिला केला, आणि दार सताड उघडं! लावल्यावर एकदा ओढून बघायला काय होतं?”

अक्का हात पुसत राहिली. हाताला काही लागलेलंही नव्हतं.

फिटरला लगेच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की चार शब्द बोलावेत, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. वाईट वाटलं की तो काहीतरी बनवायला घ्यायचा. दोन दिवस तो पडवीत कानस घासत बसला आणि त्यानं एक कडी बनवली. काय कडी होती! दार नुसतं लोटलं की आपोआप खटकन बंद. उघडायची तर खुंटा आत दाबायचा, दाबलेला ठेवून पाव फेरा फिरवायचा आणि मग वर उचलायचा. आत अशी दणकट स्प्रिंग की दाब जरा सुटला की पुन्हा पहिल्यापासून.

“जगातलं कुठलंही जनावर आणा,” फिटर म्हणाला. “उघडून दाखवलं तर नाव बदलीन.”

बायकोला तिसऱ्या खेपेला जमलं. मग अक्कानं हात लावला. तिच्या अंगठ्याचे सांधे सुजलेले असायचे, आणि दुसऱ्या हातात खाद्याचं घमेलं. तिनं दाबलं, फिरवायला गेली, स्प्रिंग सुटली. पुन्हा दाबलं. पुन्हा सुटली.

“जरा जड आहे रे,” ती म्हणाली.

“वापरून वापरून सैल होईल. तोवर मी उघडतो. मला कुठं कामाला जायचंय?”

झालं. पहाटे पाचला उठणारा माणूस, अक्का बाहेर येईपर्यंत याचं दार उघडून झालेलं. उभाच आहे म्हणून खाद्यही तोच टाकू लागला. टाकतोच आहे म्हणून कालवूही लागला, डब्याच्या मापानं, अगदी बरोबर. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की नजरेनं मोजायचा, आठ, आणि दार लोटायचा. खटक. अक्का पहिले काही दिवस दोराला धरून त्याच्या मागे येऊन उभी राहायची. मग येईनाशी झाली.

दोन महिन्यांत एकही कोंबडी गेली नाही. फिटर गल्लीभर सांगत सुटला. शेजाऱ्यांना बोलावून कडी दाखवली. आणि घरात बायको म्हणते कशी, “अहो, अक्का पुन्हा खुर्चीत बसायला लागल्यात.”

“दमली असेल.”

“पंधरा दिवस दमल्यात?”

“मग आता मी काय करू?” फिटर उसळला. “कोंबड्या वाचवल्या! खाद्य स्वस्तात चाललंय! आता काय अक्काला नाचवू?”

खरं तर त्याला ते दिसलं होतं. रोज मागच्या खोलीवरून जाताना दिसायचं आणि रोज तो पावलं उचलून पुढे जायचा. इतकं करूनही शेवटी खुर्चीच? हा कुठला न्याय?

त्याच आठवड्यात जेवताना अक्का म्हणाली, “बाळ्या, दाणेवाल्याला विचार, कोंबड्या घेतो का.”

फिटरच्या हातातला घास तसाच राहिला. “का?”

“उगाच तुला व्याप.”

“व्याप? आता व्याप आठवला?” त्याचा आवाज चढला. “पाठ मोडून घेतली तेव्हा नाही आठवला? ती कडी करताना बोटं सोलवटली तेव्हा नाही? तुझ्यासाठी मरमर मरायचं आणि तू म्हणणार विकून टाक!”

“ओरडू नकोस. मला दिसत नाही, ऐकू येतं.” अक्कानं ताट सरकवलं. “काल मी दारात गेले होते. लंगडी माझ्या पायाशी यायची नेहमी. काल माझ्यासमोरून तुझ्याकडे पळाली. का पळणार नाही? दाणे तू टाकतोस. दार तू उघडतोस. तू मोजतोस. आठ आहेत की सात, ते मला तुला विचारावं लागतं. मग त्या माझ्या कशा रे? तुझ्याच आहेत. ठेव नाहीतर वीक.”

ती उठून भिंतीला हात लावत आत गेली. खुर्ची वाजली.

“घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं का आता?” बायको हळू म्हणाली. “तुमची ती कडी.”

“कडीला नावं ठेवू नकोस!” म्हणून फिटर ताटावरून उठला आणि तणतणत परसात गेला. भर दुपार होती, कोंबड्या सावलीत पडल्या होत्या. रागाच्या भरात त्यानं घमेलं डाव्या हातात घेतलं, डोळे गच्च मिटले आणि उजव्या हातानं कडी चाचपली. दाबली. सुटली. दाबली, फिरवली, सुटली. अंगठा घसरून पत्र्यावर घासला. चौथ्या खेपेला घमेलं पायावर पडलं.

त्यानं कडीला शिवी दिली. मग स्वतःला दिली, जरा मोठी. अडतीस वर्षं शाफ्टची मापं घेतली, भोकांची घेतली, केसाएवढी फट सोडली नाही. आणि ज्या हातानं हे दार रोज उघडायचं त्या हाताचं माप घ्यायचं राहिलं! नवशिक्यानं असं केलं असतं तर यानंच त्याला कारखान्याबाहेर काढला असता.

संध्याकाळपर्यंत कडी उतरली. तिच्या जागी त्यानं लाकडाची जाड खुंटी केली, मुठीत मावेल अशी. दार आणि चौकट यांच्या भोकांतून आरपार घालायची, बस्स. अक्काला बोलावून तिच्या मुठीत धरायला लावली, मग दोनदा तासून बारीक केली.

अक्कानं खुंटी घातली, काढली, घातली. “एक सांगते. माझ्यामागून येऊन तपासायचं नाही. तपासलंस तर मला कळेल, आणि मग खरंच विकीन.”

“नाही तपासणार.”

सांगणं सोपं हो! रोज संध्याकाळी खुंटी घालताना तिचा हात भोकाच्या आजूबाजूला फिरायचा, चुकायचा, परत यायचा, आणि फिटर लांब उभा राहून ओठ चावायचा. रात्री अंथरुणावर तळमळायचा. “गेली असेल ना ग आत नीट?” बायको पाठ फिरवून म्हणायची, “झोपा.” पण तो उठला नाही. कोंबड्या पुन्हा अक्काच्या पायांत येऊ लागल्या, स्वयंपाकघरात पुन्हा मिठावरून भांडण झालं, आणि फिटर दात-ओठ खात का होईना, शब्दाला जागला.

विसाव्या दिवशी सकाळी खुराड्यापाशी पिसं होती.

बायकोनं आधी पाहिलं आणि त्याला उठवलं. दार किलकिलं होतं. खुंटी दाराच्या भोकात अर्धीच अडकलेली होती, मुंगसानं दार हलवल्यावर चौकटीतून निसटली होती. रागावायचं कुणावर?

“ऐका,” बायको कुजबुजली. “सांगा की खालून उकरून आलं. थोडी माती उकरून ठेवा हवं तर. काय बिघडतं? इतक्या मुश्किलीनं उठल्यात त्या खुर्चीतून.”

फिटरला ते पटलं. अगदी पटलं. तो फरशीपाशी वाकलासुद्धा. तेवढ्यात दोराला धरून अक्का आली, आणि कोंबड्यांचा आवाज नेहमीसारखा नाही हे तिला दारातूनच कळलं असणार, कारण ती भराभर आली. आत वाकून तिनं एकेकीच्या पाठीला हात लावला. सात झाल्यावर हात दांडीवर पुढे सरकला आणि रिकामाच फिरला.

“जाडी नाही.”

“नाही,” फिटर म्हणाला.

“कुठून आलं?”

बायकोनं त्याच्याकडे बघून जोरानं मान हलवली. उकरून आलं म्हटलं की संपलं. अक्काला कधी कळणार नव्हतं. आणि मग उद्यापासून काय? तो गुपचूप खुंटी तपासणार, तिला कळू न देता ठोकणार, आणि ती आपली समजत राहणार की दार आपण लावतो. म्हणजे कडी पुन्हा बसवल्यासारखंच झालं की!

“दारातून,” तो म्हणाला. “खुंटी अर्धीच गेली होती, अक्का.”

बायकोनं कपाळावर हात मारला.

अक्का दोर धरून उभी राहिली. फिटरला वाटलं, जीभ कापून टाकावी. आता ही वळेल, आत जाईल आणि खुर्चीत बसेल, ती कायमचीच.

“अर्धी म्हणजे किती?” अक्कानं विचारलं.

“दोन बोटं बाहेर होती.”

अक्का दारापाशी आली. खुंटी शोधून तिनं भोकात घातली, दोन बोटं बाहेर ठेवून चाचपली. मग पुरती आत ढकलली. काढली. पुन्हा घातली. असं सात-आठ वेळा.

“पुरती गेली की आत टेकते, कळतं हाताला. काल टेकली नाही. कुरकुरी कलकल करत होती आणि मी तिच्याशी भांडत बसले.” तिनं नाक ओढलं. “माझी चूक. जाडीनं काय केलं होतं बिचारीनं?”

आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. नजर गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. फिटरच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नाकाचा सूं सूं आवाज व्हायला लागला. तो अक्कानं ऐकला.

“तू कशाला रडतोस?” ती फणकारली. “कोंबडी माझी गेली!”

मग तिनं बाहीनं तोंड पुसलं, हात पुढे केला आणि म्हणाली, “घमेलं कुठंय? दे इकडे. सात जणी उपाशी आहेत.”